दिवाळी ते होळी, गुरुजींचा हंगाम

नंदुरबार जिल्ह्याच्या वरच्या अंगाला, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात, शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं ते कागदावर. पावसाळाभर चांदसैली नाहीतर देवगोई घाटात कधी दरड उतरेल सांगता येत नाही, नाल्यांवरच्या फरशा पाण्याखाली जातात आणि चौथीतलं पोर घरी निंदणीला हवं असतं. मार्चमध्ये मोहाची फुलं पडायला लागली की लहानमोठी सगळी पहाटेच झाडाखाली. त्यापाठोपाठ कैऱ्या सोलून आमचूर वाळवायचं काम. मधे उरतो तो दिवाळीच्या सुट्टीनंतरचा काळ, होळीपर्यंतचा. रस्ते कोरडे, नाले पायाखाली, आकाश स्वच्छ. शिकवून घ्यायचं ते याच चार महिन्यांत, हे तिकडच्या कुठल्याही जुन्या गुरुजींना ठाऊक असतं. आणि नेमकी याच चार महिन्यांत थंडी पडते, कुटुंबं ऊसतोडीला जातात, प्रशिक्षणं लागतात, केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, क्रीडा स्पर्धा येतात. रस्ते उघडलेले असल्यामुळे साहेबांच्या भेटीही याच दिवसांत. तेव्हा प्रवास कसा लावायचा हा प्रश्न अध्यापनाच्या बाहेरचा राहत नाही. साडेदहाच्या शाळेत साडेअकराला पोचणारा शिक्षक दिवसाच्या शिकवण्यातला जवळजवळ सहावा हिस्सा घाटातच ठेवून येतो.

आधी थंडीचं. खाली तळोदा-शहादा म्हणजे तापीकाठचं सपाट, उबदार खानदेश. तिथून गाडी वर चढते ती तोरणमाळसारख्या ठिकाणी 1100 मीटरच्या पुढे. हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा अंशांनी उतरते, म्हणजे खाली स्वेटर पुरत असेल तर वर जाकीट लागणार हे गृहीत धरायचं. पण नुसत्या उंचीचा हिशेब फसवतो. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की रात्री जमीन आपली ऊब वर सोडून देते आणि जड झालेली गार हवा उतारावरून घरंगळत खोलगट भागात साठते. त्यामुळे माथ्यावरच्या पाड्यापेक्षा खालच्या नाल्यातली पहाट जास्त बोचरी असू शकते. अक्कलकुव्यातल्या डाब, वालंबा भागात दर एक-दोन वर्षांनी दवबिंदू गोठल्याची बातमी येते. हवेचं तापमान चार-पाच अंश असतानाही गवताचं पातं, गाडीचं सीट, पेंढ्याची गंजी यांचा पृष्ठभाग शून्याला टेकतो, म्हणून हे होतं. याच भागात शेतकरी स्ट्रॉबेरी घेतात ती याच थंडीच्या जिवावर, हे जाता जाता.

दुचाकीवर तर हवा आणखी उतरते. दहा अंशांची हवा ताशी पन्नासच्या वेगात पाच-सहा अंशांसारखी लागते. पहिली बधिर होतात ती हाताची बोटं, आणि क्लच-ब्रेक दोन्ही बोटांवर. लोकरीचे हातमोजे वाऱ्याला अडवत नाहीत. त्यांच्यावर रेक्झिनचे किंवा साधे रबरी मोजे चढवले तर फरक पडतो. छातीवर जाकिटाच्या आत वर्तमानपत्राच्या चार घड्या घालायची रीत जुनी आहे आणि अजूनही सर्वांत स्वस्त. मफलर हेल्मेटच्या आत नाकावर घट्ट बांधला की श्वासाची वाफ वर जाते आणि काच आतून धुरकटते. मफलर नाकाच्या खाली ठेवायचा, काच बोटभर उघडी ठेवायची. काच पुसायला थांबलेल्या माणसापेक्षा न थांबता एका हाताने पुसणारा जास्त वेळा पडतो.

घाटासाठी शंभर सीसीचीच गाडी बरी, असं तिकडे बहुतेकांचं मत आहे आणि ते बरोबर आहे. वजनाला हलकी, पडली तर एकट्याने उचलता येते, आणि धडगाव-मोलगीच्या कुठल्याही गॅरेजवाल्याला तिचा प्रत्येक सुटा भाग ओळखीचा. डिकीत काय असावं यावर शिक्षकांचं एकमत दिसतं: मागच्या टायरची जास्तीची ट्यूब, टायर काढायचे दोन पाने, पायपंप, एक प्लग आणि प्लगपाना, क्लच वायर, चेनचं एक लॉक. क्लच वायर विशेष. चढावर क्लच अर्धा दाबून गाडी ओढायची सवय असते, वायरचे तंतू मुठीकडच्या टोकाला एकेक करून तुटत जातात आणि शेवटचा तंतू नेमका वळणावर जातो. नवी वायर जुन्या वायरच्या शेजारीच टेपने चिकटवून, पूर्ण मार्गाने आधीच ओढून ठेवायची. मग तुटल्यावर नुसती दोन टोकं बदलावी लागतात, दहा मिनिटांचं काम.

सकाळी गाडी सुरू होत नाही याचं कारण बहुधा दव असतं. रात्रभर उघड्यावर उभ्या गाडीच्या प्लगच्या टोपीत ओल धरते. टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसायची, चोक असेल तर ओढायचा, ॲक्सिलरेटर न पिळता दोन-तीन किक मारायच्या, मग स्विच चालू करून मारायची. बटण दाबत बसलं की बॅटरी बसते. थंडीत ती तशीही आळसावलेली असते. थंडीने चाकातली हवाही थोडी उतरते. दुपारी खाली भरलेली हवा पहाटे वर तपासली तर कमी भरणार, म्हणून हवा सकाळीच, गाडी चालवायच्या आधी पाहायची.

उतरताना गाडी बंद करून पेट्रोल वाचवणारे अजून आहेत. ड्रम ब्रेक सलग दाबले की तापतात आणि तापले की धरत नाहीत. इंजिन बंद असल्यावर गाडीला आवरायला दुसरं काही उरत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरायचा. फरशीवरच्या पाण्यातून गाडी काढली तर पुढच्या पन्नास-शंभर मीटरमध्ये ब्रेक हलके हलके चार वेळा दाबून ड्रम कोरडा करून घ्यायचा, नाहीतर पहिल्या वळणावर कळतं. उत्तरेकडे तोंड असलेल्या डोंगरउताराच्या सावलीत दव अकरापर्यंत वाळत नाही. ऊन असलेल्या रस्त्यावरून वळून गाडी त्या सावलीत शिरते तेव्हा डांबर काळं आणि चकचकीत दिसतं. ते नवं डांबर आहे असं समजू नये.

हिवाळ्यातला खरा शत्रू मात्र थंडी नाही, खडी आहे. पाऊस संपला की रस्त्यांची कामं निघतात, निधी मार्चअखेर खर्ची पडायचा असतो, आणि महिना-महिना रस्त्यावर खडी पसरून पडलेली असते. रोलर येईल तेव्हा येईल. सुट्या खडीवर पुढचा ब्रेक लावला की चाक आडवं जातं. जीपच्या चाकांनी दाबून तयार झालेल्या चाकोरीतून, दुसऱ्या गिअरमध्ये, हात सैल ठेवून जायचं, आणि चाकोरी बदलायचीच झाली तर आधी जवळजवळ थांबायचं. मागे कोणी बसलेलं असेल तर त्याला उतरवून चालत आणावं. मॅडम साडी नेसून एका बाजूने बसलेल्या असतील तर हे सांगायला अवघड वाटतं. तरी सांगावं. तिकडे नोकरी करणाऱ्या बहुतेक शिक्षिका हिवाळाभर पंजाबी ड्रेस वापरतात आणि स्वतःची गाडी स्वतः चालवतात, त्यामागे हा हिशेबही आहे.

पैशांचा हिशेब एकदा मांडावा. रोज 80 किलोमीटर अपडाऊन धरा. सपाटीला पंचावन्नचं ॲव्हरेज देणारी गाडी घाटात सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसवर येते. म्हणजे दिवसाला सुमारे 1.7 लिटर, लिटर 105 रुपयांच्या आसपास धरला तर पावणेदोनशेच्या पुढे, आणि महिन्याच्या बावीस दिवसांचे चार हजारांच्या घरात. टायर, चेनसेट, क्लचप्लेटा वेगळ्या. आदिवासी भागात काम करणाऱ्याला जो प्रोत्साहन भत्ता मिळतो तो 2002 च्या शासन निर्णयाप्रमाणे मूळ वेतनाच्या 15 टक्के, पण कमाल 1500 रुपये. नव्याने लागलेल्या शिक्षण सेवकाच्या मानधनातून हे सगळं वजा केलं की काय उरतं ते प्रत्येकाने करून पाहावं.

गाडी नसलेल्यासाठी एसटी आहे आणि जीप आहे. एसटीची मुक्कामी गाडी गावकऱ्यांच्या सोयीने धावते: संध्याकाळी वर येते, रात्री मुक्काम करते, सकाळी खाली जाते. त्यात चूक काही नाही, बाजारहाट, दवाखाना, तहसील खालीच आहे. पण तळोद्याहून वर जाणाऱ्या गुरुजींची दिशा नेमकी उलटी पडते. म्हणून जीप. जीप वेळेवर सुटत नाही, भरल्यावर सुटते. बाजाराच्या दिवशी वीस मिनिटांत भरते, इतर दिवशी दीड तास. परतीची शेवटची जीप साधारण चारच्या सुमाराला निघते कारण चालकालाही अंधारात घाट नको असतो, आणि शाळा सुटते पाचला. या एका तासाच्या फरकात तिथल्या अर्ध्या तक्रारी आणि अर्ध्या चौकश्या मावतात. यावर धडधाकट उपाय एकच: आठवड्यातले तीन-चार दिवस वरच राहायचं. त्याबद्दल पुढे.

जीप जिथे थांबते तिथे शाळा असतेच असं नाही. सातपुड्यातलं गाव सपाटीवरच्या गावासारखं एकत्र नसतं. एका महसुली गावाचे आठ-दहा पाडे, आणि पाड्यातही प्रत्येक घर आपापल्या शेताच्या टेपाडावर. नकाशावर शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असते, कायद्याला तेवढं पुरतं, पण मधे नाला असला की ते अंतर उतरून चढावं लागतं. पायवाटेला हिवाळ्यात दोन त्रास. सकाळी गवतावरचं दव गुडघ्यापर्यंत भिजवतं, आणि ओल्या कापडी बुटात दिवसभर शाळा घेतली की पाय रात्रीपर्यंत ऊब धरत नाहीत. चालायला प्लॅस्टिकची चप्पल, मोजे-बूट पिशवीत, शाळेत जाऊन पाय पुसून चढवायचे. दुसरा त्रास कुसळांचा. वाळलेल्या गवताची कुसळं मोज्यात शिरतात आणि चालण्याच्या प्रत्येक हालचालीने आतच सरकत जातात. बाहेर ओढताना टोक मोडून आत राहतं. लोकरीच्या मोज्यात शिरलेलं कुसळ मोजा उलटा करून आतून, टोकाच्या दिशेनेच काढावं लागतं. जानेवारीत साग पानं टाकायला लागला की उताराची वाट ताटाएवढ्या कोरड्या पानांनी झाकते. खालचा दगड दिसत नाही, पान पायासकट घसरतं. काठी घेऊन चालण्याला तिकडे कोणी म्हातारपण म्हणत नाही.

नर्मदाकाठच्या शाळांचा हिशेब आणखी वेगळा. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातली 33 गावं बाधित झाली, अक्राणीतली 24 आणि अक्कलकुव्यातली नऊ. उरलेल्या, वर सरकलेल्या पाड्यांना जायचा सरळ रस्ता म्हणजे पाणी. धरणाची पूर्ण पातळी 138.68 मीटर. पावसाळ्याअखेर पाणी तिकडे झुकतं आणि मग हळूहळू उतरत जातं. हिवाळ्यात बोट लागण्याची जागा त्यामुळे सारखी खाली सरकते, आणि पाणी जिथून मागे गेलं तिथे गाळ असतो. वरून वाळलेला, भेगाळलेला, आत गुडघाभर. गावकऱ्यांच्या पावलांवर पाऊल ठेवून उतरायचं, नवी वाट काढायची नाही. पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे बुंधे पृष्ठभागाच्या जरा खाली येतात, दिसत नाहीत आणि बोटीचा पंखा मोडतात. म्हणून नावाडी सरळ रेषेत न जाता वळसे घेतो. तो भाडं वाढवायला फिरवतोय असा संशय नव्या माणसाला येतो. सकाळचं धुकं असताना समोरचा काठ दिसेपर्यंत तो बोट सोडत नाही, आणि त्याला घाई करू नये. लाइफ जॅकेट स्वतःचं घ्यावं, अंगावर घालावं, बसायला नाही.

याच काठावर नर्मदा बचाव आंदोलनाच्या जीवनशाळा नव्वदच्या दशकात सुरू झाल्या. सरकारी शाळा आहे पण शिक्षक दिसत नाही, अशी तेव्हाची तक्रार होती. ती आठवण लोकांच्या मनातून गेलेली नाही. पाड्यावर नवा गुरुजी आला की पहिले काही आठवडे त्याला कोणी काही म्हणत नाही, फक्त तो सोमवारी येतो का आणि शनिवारी असतो का एवढं पाहतात.

मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावातच, राहावं की नाही हा वाद घरभाडे भत्ता आणि ग्रामसभेच्या ठरावाच्या भाषेत कायम चालतो. कागद बाजूला ठेवून पाहिलं तर हिवाळ्यात राहणं अपडाऊनपेक्षा सोपं आहे, फक्त तयारी लागते. घरं बहुधा कुडाची. बांबूच्या चेचलेल्या पट्ट्या आडव्या-उभ्या विणून वर माती-शेणाचा लेप. लेपाला भेगा पडतात आणि रात्री दोननंतर तिथून वारा येतो. दिवाळीनंतर घरमालकासोबत बसून भेगा लिंपून घेतल्या तर हिवाळा निघतो. खाली झोपायचं असेल तर अंगावर जेवढं त्याहून जास्त अंगाखाली लागतं. जमीन ऊब ओढून घेते. भाताचा पेंढा वीतभर पसरून त्यावर ताडपत्री, त्यावर गोधडी. ताडपत्री न घालता गोधडी थेट पेंढ्यावर टाकली तर आठवड्यात पिसवा होतात. सौर दिवा असेल तर दिवस लहान असतात हे लक्षात ठेवायचं. दिव्याचं सौर पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, उन्हाळ्यापेक्षा जास्त उभं कलवावं, धूळ रोज पुसावी. मोबाईल दुपारी उन्हातच चार्ज करून घ्यावा, रात्रीसाठी बॅटरी राहू द्यावी.

एक गोष्ट जोर देऊन सांगायची. काही जण शाळेच्याच पक्क्या खोलीत झोपतात, आणि थंडी फार झाली की घमेल्यात निखारे घालून आत घेतात. कुडाच्या घरात चूल रात्रभर धुमसते आणि सहसा कोणी गुदमरत नाही, कारण ते घर चारही बाजूंनी श्वास घेतं. स्लॅबच्या खोलीत दार-खिडक्या लावल्यावर निखाऱ्यांचा विषारी वायू कोंडतो. त्याला वास नाही, धूर नाही, झोपेत माणूस जातो. निखारे बाहेर, माणूस आत. पाणी गरम करून बाटलीत भरून पायाशी घ्यावं, तेवढं पुरतं.

आता वर्ग. प्राथमिक शाळेत पट साठपर्यंत असेल तर शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दोन शिक्षक, आणि बहुतेक पाड्यांवर पट याहून कमीच. म्हणजे पहिली-दुसरी एकाकडे, तिसरी-चौथी दुसऱ्याकडे, आणि एक जण बैठकीला गेला की चारही वर्ग एकाकडे. डोंगराच्या पश्चिम उतारावरच्या पाड्यावर सूर्य उगवल्यावरही दीड-दोन तास ऊन येत नाही. मुलं येतात ती एका सदऱ्यावर, हात काखेत घालून. त्या बोटांना साडेदहाला पेन्सिल धरायला लावली की अक्षर वाकडं येतं आणि मग अक्षर वाईट आहे म्हणून शेरा बसतो. वेळापत्रक उलटं करावं. पहिला तास हालचालीचा, तोंडी पाढ्यांचा, गाण्यांचा, मुलांच्या भाषेतल्या गप्पांचा, लेखन साडेअकरानंतर. पहिलीचं मूल पावरी किंवा भिली बोलत येतं, मराठी त्याच्यासाठी शाळेतच भेटणारी भाषा आहे. सकाळच्या या मोकळ्या तासात ती जेवढी तोंडात रुळते तेवढी पुस्तकातून रुळत नाही.

वर्ग उन्हात घ्यावाच, पण बसवण्याची रीत आहे. मुलांच्या पाठीवर ऊन घ्यायचं. तसं केलं की फळ्यावर समोरून ऊन पडतं आणि तो चमकतो, मागच्या ओळीला काही दिसत नाही. फळा सरळ समोर न ठेवता एका बाजूला तिरपा लावायचा आणि वरचं टोक किंचित पुढे झुकवायचं. अर्ध्या तासाने सावली सरकते, तेव्हा मुलंच उठून सरकतात, त्यांना थांबवू नये.

थंडीत मुलं पाणी पीत नाहीत. ही साधी वाटणारी गोष्ट या भागात साधी नाही. भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय, पाठ, पोट असह्य दुखतं. हे दुखणं उसळवणाऱ्या कारणांत थंडी आणि अंगातलं पाणी कमी होणं ही दोन ठळक आहेत, आणि डिसेंबरच्या सकाळी दोन्ही एकत्र येतात. नाल्यात आंघोळ करून, ओल्या केसांनी, पाणी न पिता दोन टेपाडं चढून आलेलं मूल अकराला गुडघा धरून बसतं. ते कामचुकारपणा करत नाही. त्याला उन्हात बसवावं, अंगावर काहीतरी टाकावं, कोमट पाणी थोडं थोडं करून भरपूर पाजावं. ताप, धाप किंवा छातीत दुखणं असेल, डोळे पिवळे दिसत असतील, तर आरोग्य केंद्र गाठायची व्यवस्था तेव्हाच करावी, शाळा सुटायची वाट पाहू नये. दुखऱ्या जागी बर्फासारखं गार पाणी लावू नये. मुलांच्या तपासणीचे कार्ड आरोग्य कर्मचाऱ्यांकडून मागून घेऊन कोणाला हा आजार आहे याची नोंद स्वतःजवळ ठेवावी, भिंतीवर लावू नये. धावण्याच्या शर्यतीसाठी मुलं निवडताना ही नोंद आधी पाहावी. पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंना सांगून चुलीवर एक हंडा कोमट पाण्याचा वेगळा ठेवला आणि दर तासाला घंटेसोबत सगळ्यांनी एक पेला प्यायचा असं केलं, तर सिकलसेल असलेल्या मुलाला वेगळं काढावं लागत नाही.

पोषण आहाराचं गणित सोपं आहे, वाहतूक अवघड. पाचवीपर्यंत मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ. अठ्ठावीस मुलांना दिवसाला 2.8 किलो, चोवीस दिवसांना 67 किलोच्या आसपास, म्हणजे पन्नास किलोची एक गोणी आणि वर थोडं. ती जीपच्या थांब्यावर येते आणि तिथून डोक्याखांद्यावर. एका माणसाला पन्नास किलो चढावर झेपत नाही, म्हणून गोणी फोडून तीन पिशव्या होतात. फोडलेली गोणी ओल लवकर धरते. दव पडणाऱ्या महिन्यांत तांदूळ जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवला की खालच्या थराला बुरशी येते. दोन विटांवर फळी, भिंतीपासून हातभर दूर. साठा नोंदवही आणि प्रत्यक्ष साठा यात किलो-दोन किलोचा फरक वाटेतच पडतो, तो त्याच दिवशी नोंदवून टाकलेला बरा.

आणि मग स्थलांतर. दिवाळी झाली, धनत्रयोदशीची अस्तंबा शिखरावरची यात्रा आटोपली की मुकादम येऊन उचल देऊन जातात आणि कुटुंबं गुजरातच्या साखर कारखान्यांच्या पट्ट्यात ऊसतोडीला निघतात. धाकट्याला सांभाळायला थोरली जाते, थोरली शाळेत असते. पटावर अठ्ठावीस, समोर सतरा. याची तयारी दिवाळीच्या सुट्टीआधी करावी लागते. सुट्टीनंतर आलात तर घराला काटेरी झाप लावलेला दिसतो. ऑक्टोबरातच घरोघर जाऊन दोन गोष्टी विचारायच्या: कोण कोण जाणार, आणि मागे आजी-आजोबा कोण राहणार. मागे म्हातारं माणूस असेल तर मूल ठेवून घेण्याची गोष्ट काढता येते, हंगामी वसतिगृहाची सोय मंजूर असेल तर संध्याकाळच्या जेवणाचाही प्रश्न सुटतो. शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या आईने हे बोलावं, गुरुजींनी नाही. पोराला ठेवून गेलो तर उचल जेवढी फिटेल तेवढी फिटेल, पण धाकट्याला कोण पाहणार, हा ऊसतोडीला निघालेल्या आईचा प्रश्न खरा आहे, आणि त्याला उत्तर दुसरी आईच देऊ शकते.

जे मूल जाणारच, त्याच्यासाठी शिक्षण हमी कार्ड भरून पालकांच्या हातात द्यायचं. मराठी मुलखात दुसऱ्या जिल्ह्यात ते कामाला येतं. गुजरातमध्ये शाळा गुजराती माध्यमाची, ऊसतोडीचा अड्डा गावाबाहेर आणि पंधरवड्याला हलणारा, त्यामुळे तिथे त्याचा फार उपयोग होत नाही. तरी द्यावं, कारण परत आल्यावर मुलाचा वर्ग, शिकून झालेला भाग, सगळं त्यावर असतं. त्याहून उपयोगी म्हणजे वहीची वीस पानं: वीस-पंचवीस सोप्या शब्दांची चित्रं, वीसपर्यंतची वजाबाकी, रोज एक ओळ लिहायला रिकामी जागा. बरीच पोरं ती भरून आणत नाहीत. काही आणतात.

ऑनलाइन कामांबद्दल थोडक्यात. उपस्थिती, आहाराची रोजची नोंद, विद्यार्थ्यांची माहिती हे सगळं मोबाईलवर भरायचं असतं आणि पाडा संवादछायेत, म्हणजे रेंज नसलेल्या पट्ट्यात, असतो. प्रत्येक शाळेची एक रेंजची टेकडी ठरलेली असते. दुपारच्या सुट्टीत तिकडे जायला निघालं की पाऊण तास जातो. दिवसभराची माहिती कागदावर तयार ठेवून शाळा सुटल्यावर उतरताना त्या टेकडीवर पाच मिनिटं थांबणं शहाणपणाचं. तिथून मात्र लगेच निघावं. जानेवारीत सहा-सव्वासहाला दिवस मावळतो, आणि खाली सपाटीला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मागच्या दिव्याशिवाय चालत असतात. तोडणी सुरू झालेल्या फडांतून बिबटेही बाहेर पडतात. तळोद्याच्या बाजूला संध्याकाळी एकट्याने दुचाकीवर थांबू नये.

महाशिवरात्रीला देवमोगऱ्याच्या याहा मोगी देवीची यात्रा, मग होळीआधीचा भोंगऱ्या बाजार, मग काठी गावची राजवाडी होळी. ऊसतोडीला गेलेली माणसं होळीला घरी येतातच, कारखाना चालू असला तरी येतात. मुलं वर्गात परततात ती उन्हाने रापलेली, हाताला पाचटाचे चरे पडलेली, आणि तीन-चार महिने पेन्सिल न धरलेली. त्यांची नावं पटावरून कमी केलेली नसावीत, सततच्या गैरहजेरीचा शेरा मारून मोकळं होऊ नये. पहिल्या दिवशी परीक्षा घेऊ नये. पहिला आठवडा त्यांना एक वर्ग खालच्या मुलांसोबत वाचायला बसवावं, ती खालच्यांना शिकवताहेत असं सांगून. जिथे अडतात तिथे आपसूक कळतं. गणित त्यांचं बहुधा बरं असतं, मोळ्या आणि उचल मोजून आलेली असतात. वाचन मागे पडलेलं असतं, तेवढंच धरून मोहाची फुलं पडायच्या आत जे जमेल ते उरकायचं.